आधी उंची ठरवा, कॅम्पग्राउंड मग

प्रश्न असा आहे. लॉस एंजेलिसजवळ राहणारं एक कुटुंब: नवरा-बायको, सात वर्षांची मुलगी आणि पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेले आई-बाबा, वय ६४ आणि ६९. बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात चार रात्री इन्यो नॅशनल फॉरेस्टमध्ये तंबूत राहायचा बेत आहे. घरातलं कोणीही याआधी तंबूत झोपलेलं नाही. विचारलंय ते एवढंच: "तिथलं सगळ्यात सुंदर कॅम्पग्राउंड कोणतं? जंगलात कुठेही फुकट तंबू टाकता येतो म्हणतात, ते करावं का? आणि अस्वलांचं काय?"

मी गेली वीस-बावीस वर्षं दर उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पूर्व अंगाला, म्हणजे याच इन्योच्या भागात जाते. पहिली काही वर्षं नुसती नवऱ्याबरोबर, मग मुलांना घेऊन, आणि आता बहुतेक वेळा कोणाच्या तरी आई-बाबांना घेऊन. त्या अनुभवावरून सांगते की तुमचा खरा प्रश्न सौंदर्याचा नाही आणि अस्वलांचाही नाही. तो आहे समुद्रसपाटीवर राहणारी पाच माणसं पहिल्या रात्री किती उंचीवर झोपणार, हा. ते नीट ठरलं तर साधं कॅम्पग्राउंडही आठवणीत राहतं. ते चुकलं तर सगळ्यात सुंदर तळ्याकाठी रात्रभर कोणीतरी ओकत बसतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी हौसेने रॉक क्रीक लेकच्या काठची जागा घेतली. जवळपास ९,६०० फूट. सकाळी घरून निघालो, संध्याकाळी तंबू उभा. सूर्यास्ताला त्या म्हणाल्या, "डोकं जड झालंय." मी म्हटलं प्रवासाने झालं असेल. रात्री अकराला उलटी झाली. मी दोष दिला दुपारच्या पोह्यांना. पहाटे तीनला त्या उठून बसल्या, श्वास लागत होता, आणि मग कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला: हा उंचीवरच्या विरळ हवेचा त्रास. तंबू तसाच टाकून गाडी काढली आणि बिशप गावात उतरलो. सकाळी सातला त्याच बाई एका हॉटेलात पॅनकेक खात होत्या आणि मला विचारत होत्या, "आता परत वर केव्हा जायचं?" औषध काही दिलं नव्हतं, फक्त साडेपाच हजार फूट खाली आलो होतो.

इन्योची गंमत आणि गोची एकच आहे. क्षेत्रफळ जवळजवळ १९ लाख एकर, म्हणजे साधारण अर्धा पुणे जिल्हा, पण ते आडवं पसरण्यापेक्षा उभं जास्त आहे. पायथ्याची ओवेन्स व्हॅली चार हजार फुटांच्या आसपास, जुलैत विदर्भाची आठवण करून देणारं ऊन. तिथून गाडीने तासाभरात तुम्ही दहा हजार फुटांवर पोचता आणि तिथे सावलीत बर्फाचे तुकडे पडलेले असू शकतात. याच जंगलाच्या कडेला १४,५०५ फुटांचा माउंट व्हिटनी आहे, अलास्का सोडून उरलेल्या अमेरिकेतलं सर्वात उंच शिखर. आपल्या मापाने सांगायचं तर बिशप (४,१५० फूट) महाबळेश्वरपेक्षा थोडंसं खाली. आणि कळसूबाईचा माथा, जिथे पोचल्यावर आपण महाराष्ट्राच्या डोक्यावर उभे राहिलो म्हणून फोटो काढतो, तो भरतो १,६४६ मीटर, सुमारे ५,४०० फूट. इथली बहुतेक कॅम्पग्राउंड त्याच्याही दोन-चार हजार फूट वर आहेत. सह्याद्रीत मुरलेल्या माणसाचा अंदाज नेमका इथे चुकतो. आपल्याकडे चढ कठीण असतो, हवा कधीच कठीण नसते. इथे गाडी तुम्हाला अलगद वर नेते, पाय दुखत नाहीत, म्हणून काही झालं असं वाटतच नाही.

आता हे किती बाधेल ते माणसावर अवलंबून आहे, आणि ते मला इथे बसून सांगता येणार नाही. वय जास्त म्हणून त्रास जास्त असंही नाही. मी पंचविशीतले धावपटू आडवे झालेले पाहिलेत आणि सत्तरीच्या आजी तरतरीत पाहिल्यात. साधारणपणे २,५०० मीटरच्या, म्हणजे ८,२०० फुटांच्या वर झोपायला लागलं की जपायचं. लक्षात ठेवायची गोष्ट ही की दिवसा किती वर गेलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात याला महत्त्व जास्त. दिवसा दहा हजार फुटांवर दोन तास हिंडून खाली येणं बहुतेकांना जमतं. रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल मात्र बाबांच्या डॉक्टरांना निघण्याआधी फोन करा आणि आकडे सांगून विचारा: "दोन रात्री ७,६०० फुटांवर, दिवसा तीन तास १०,००० फुटांवर." नुसतं "डोंगरात जातोय" म्हटलं तर त्यांना माथेरान वाटेल.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. पहिली रात्र तंबूत नाहीच. घरून निघून ३९५ नंबरच्या रस्त्याने उत्तरेला या, वाटेत लोन पाइन गावात थांबून जेवा, तिथून व्हिटनीचा कडा समोर दिसतो. त्याच्या पुढे मॅन्झनार लागेल. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकी कुटुंबांना जिथे कुंपणाआड ठेवलं होतं ती जागा. तास-दीड तास द्या, बाबांना आवडेल. मग बिशपला साध्या मोटेलात मुक्काम. लोकांना वाटतं ही रात्र फुकट गेली. अजिबात नाही. शरीराला एक पायरी मिळते, राहिलेली खरेदी होते, आणि तंबू पहिल्यांदा उभारण्याची कसरत अंधारात, भुकेल्या मुलीसमोर करावी लागत नाही.

दुसरी आणि तिसरी रात्र साडेसात हजार फुटांच्या आसपास. माझ्या दोन आवडत्या जागा: जून लेकच्या वरचं ओह रिज आणि कॉन्व्हिक्ट लेक. दोन्ही ७,६०० फुटांच्या जवळपास. ओह रिजला झाडं कमी, वारा बराच, पण जून लेक पूर्ण दिसतं आणि मुलीला पाण्यात उतरायला वाळूचा किनारा आहे. कॉन्व्हिक्ट लेकला तळ्याभोवती जवळजवळ सपाट वाट आहे आणि समोर माउंट मॉरिसन असा उभा की आई म्हणतील हा खोटा पडदा लावलाय. आजी-आजोबा चालणारे असतील तर कॉन्व्हिक्ट, नात पाण्यातली असेल तर जून लेक. दोन्ही जागा आधी आरक्षित कराव्या लागतात, तारखा साधारण सहा महिने आधी खुल्या होतात आणि जुलैचे शुक्रवार-शनिवार काही मिनिटांत संपतात. तुम्हाला उशीर झालाय. पण रविवार ते गुरुवार असं बसवलंत तर रद्द झालेल्या जागा मिळतात. रोज सकाळी चहा पिताना एकदा आरक्षणाची वेबसाइट उघडून बघायची सवय लावा. मी निम्म्या जागा अशाच मिळवल्यात.

चौथी रात्र मी आत्ता ठरवणार नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांच्या गुडघ्यांना विचारा. हो म्हणाले तर तिथेच, नाही म्हणाले तर परत बिशपला मोटेल आणि गरम पाण्याची आंघोळ. दोन रात्री तंबूत काढलेल्या माणसाला ती आंघोळ कोणत्याही तळ्यापेक्षा प्यारी असते.

आता फुकट तंबू टाकण्याबद्दल. हो, टाकता येतो, आणि यात चोरटं काही नाही. इथे एक फरक आधी समजून घ्या, कारण आपल्या लोकांची गल्लत होते. योसेमिटी हे नॅशनल पार्क, इन्यो हे नॅशनल फॉरेस्ट. पार्क गृहखात्याच्या अखत्यारीत (हे आपलं पोलिसांचं गृहखातं नव्हे, इथलं जमिनी सांभाळणारं खातं), फॉरेस्ट शेतीखात्याच्या. पार्कचं काम जपणूक. फॉरेस्टचं काम जपणूक आणि वापर दोन्ही, म्हणून त्याच जमिनीवर गुरं चरतात, लाकूड निघतं, शिकार चालते, स्की रिसॉर्ट उभं राहतं आणि तुमचा तंबूही. आपल्याकडे जंगल म्हटलं की मेळघाट किंवा ताडोबा डोळ्यांपुढे येतं: गेट, वेळ, जिप्सी, गाइड. इथे बहुतेक ठिकाणी गेटच नाही. कुत्र्यालाही नेता येतं. पण गेट नाही म्हणजे नियम नाहीत असं नव्हे, नियम पाटीवर न लिहिता तुमच्यावर सोडलेले असतात एवढंच.

(आणि जाता जाता: या जंगलाच्या बऱ्याच भागात झाडंच नाहीत. १९०७ साली हे राखीव झालं ते लाकडासाठी नव्हे तर पाण्यासाठी. लॉस एंजेलिसला ओवेन्स व्हॅलीचं पाणी न्यायचा कालवा आखला जात होता, मध्ये कोणी जमिनींवर हक्क सांगू नये म्हणून झुडपांच्या माळरानालाही जंगल म्हटलं गेलं. तो कालवा १९१३ मध्ये सुरू झाला. तुमच्या घरच्या नळाला आजही त्यातलं काही पाणी येत असेल.)

तर कॅम्पग्राउंडच्या बाहेर, कच्च्या रस्त्यालगत आधीपासून वापरात असलेल्या मोकळ्या जागी राहता येतं, एका वेळी जास्तीत जास्त चौदा दिवस. मी स्वतः तशीच राहते. पण तुम्हाला या वेळी नको म्हणेन. तिथे नळ नाही, संडास नाही, अन्न ठेवायची लोखंडी पेटी नाही. पाण्यापासून दोनशे फूट, म्हणजे मोठ्या माणसाची सत्तर-एक पावलं, दूर जाऊन सहा ते आठ इंच खड्डा खणायचा, बसायचं आणि बुजवायचा. तुम्हाला जमेल. ६९ वर्षांच्या गुडघ्यांना, रात्री दोन वाजता, विजेरी तोंडात धरून? पहिल्या सहलीत आई-बाबांच्या सुखाचं माप एकच असतं: संडास किती पावलांवर. जागा निवडताना नकाशात तळं बघू नका, संडासाची खूण बघा आणि त्याच्यापासून दोन-तीन जागा सोडून घ्या. अगदी शेजारची घेऊ नका, वास येतो आणि रात्रभर दार आपटतं.

ज्यांना फुकटच राहायचंय त्यांच्यासाठी एक ओळ: कॅम्पग्राउंडबाहेर नुसता गॅसचा स्टोव्ह पेटवायलाही कॅलिफोर्निया कॅम्पफायर परमिट लागतं. ऑनलाइन, मोफत, काही मिनिटांचं काम. आणि लोन पाइनजवळचे अलाबामा हिल्स, ज्यांचे फोटो सगळे टाकतात, ते या जंगलात मोडत नाहीत. ती वेगळ्या खात्याची जमीन, तिथे मुक्कामाला वेगळा परवाना.

शेकोटीचं मुलीला वचन देऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये वणव्याच्या धोक्यामुळे बंदी कधीही लागू शकते, आणि बंदीचे टप्पे असतात: कधी फक्त कॅम्पग्राउंडच्या लोखंडी कड्यात परवानगी, कधी तिथेही नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी जंगलखात्याच्या साइटवर बघा आणि बिशपच्या रेंजर कार्यालयात पुन्हा विचारा. परवानगी असली तर लाकूड तिथेच विकत घ्या, घरून नेऊ नका. लाकडातून कीड एका जंगलातून दुसऱ्यात जाते. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि हात जवळ नेऊन धग लागत नाही ना ते बघा. राखेवर माती लोटून निघून जाणं ही आपली जुनी सवय इथे चालत नाही, मातीखाली निखारा कितीतरी तास जिवंत राहतो. वणव्याची धास्ती काल्पनिक नाही. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीला कॅलिफोर्नियातली नॅशनल फॉरेस्ट काही दिवस सरसकट बंद करावी लागली होती. धूर आला तर सहल गुंडाळायची तयारी ठेवा, त्यात कमीपणा नाही.

अस्वलं. कॅलिफोर्नियात फक्त काळं अस्वल उरलंय (रंगाने ते तपकिरीही असतं). राज्याच्या झेंड्यावरचं ग्रिझली इथून कधीच संपलं, शंभरएक वर्षं झाली. काळ्या अस्वलाला तुमच्यात रस नाही, तुमच्या डब्यात आहे. आणि त्याचं नाक असं की त्याच्या लेखी मराठी कुटुंबाचा डबा म्हणजे लाउडस्पीकर. हिंगाची फोडणी दिलीत की दरीभर वर्दी गेली. म्हणून प्रत्येक जागेवर बेअर बॉक्स नावाची लोखंडी पेटी असते. त्यात फक्त जेवण नाही, वास येणारं सगळं जायला हवं. आमच्याकडे दर वेळी काहीतरी राहतंच: आईच्या पर्समधली बडीशेप, खोबरेल तेल, टूथपेस्ट, बाम, मुलीच्या जाकिटाच्या खिशातलं अर्धं बिस्किट, देवाच्या डबीतला कापूर आणि उदबत्ती. हे सगळं एका पिशवीत काढा आणि झोपायच्या आधी ती पिशवी पेटीत. तंबूत नाही, गाडीतही नाही. गाडीची काच आणि दार हे अस्वलाला उघडायला कठीण नाही. इथल्या मॅमथ लेक्स गावाच्या भागात ते दर वर्षी घडतं. खरकटं पाणी झाडाखाली ओतू नका. पेटीचा खटका असा असतो की हात आत घालून दाबावा लागतो, तो आई-बाबांना दिवसाउजेडी उघडून दाखवा. अस्वल दिसलंच तर पळायचं नाही. एकत्र उभं राहायचं, मुलीला जवळ घ्यायचं, मोठ्याने ओरडायचं, भांडी वाजवायची. थाळ्या वाजवायचा सराव आपल्याला आहेच.

आता ज्या गोष्टींबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत आणि ज्यांच्यामुळे सहल खरी बिघडते त्या दोन. झोप आणि स्वयंपाक.

झोप. दिवसा २७-२८ अंश असले तरी साडेसात हजारांवर पहाटे आठ-दहा अंशांपर्यंत उतरतं, दहा हजारांवर शून्याच्या आसपासही जातं. आई म्हणतील आपल्याकडे गोधडी आहे. गोधडी जरूर न्या, पण अंगावर. अंगाखाली नाही. थंडी वरून येत नाही, जमिनीतून येते, आणि कापूस किंवा पिसं वजनाखाली दबली की ऊब धरत नाहीत. खाली फोमचं किंवा हवेचं चांगलं पॅड हवं. आई-बाबांसाठी मी नेहमी घडीच्या खाटा नेते, कारण प्रश्न झोपण्याचा नसतो, जमिनीवरून उठण्याचा असतो. पण खाटेवरही पॅड टाका, नाहीतर खालून वारा फिरतो आणि पाठ गार पडते. तंबू असा घ्या ज्यात बाबा उभे राहू शकतात. खाटा, पॅड, तंबू हे सगळं भाड्याने मिळतं, पहिल्या सहलीसाठी विकत घेऊ नका. घरी अंगणात किंवा पार्किंगमध्ये एकदा उभारून बघा, नाहीतर खुंट्या घरी राहिल्या हे तिथे कळतं. प्रत्येकाला डोक्याला बांधायची स्वतंत्र विजेरी. लोकरीची टोपी म्हणजे आपली माकडटोपी. बाबांनी ती पुण्याहून आणली असेलच.

स्वयंपाक. जितकं वर जाल तितकं पाणी कमी तापमानाला उकळतं. साडेसात हजारांवर ९२ अंशांना, दहा हजारांवर ९० अंशांना. पातेल्यात डाळ तासभर खदखदते आणि दाणा दाण्याला ओळख देत नाही. भात वरून शिजलेला, आत टणक. अमेरिकन पुस्तकं यावर सांगतात की आधीच शिजवलेलं अन्न न्या. आपल्याकडे याहून चांगला उपाय आहे: तीन लिटरचा कुकर. घेऊन जा, नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त काढा, मुगाची खिचडी वीस मिनिटांत होते. शेजारच्या जागेवरची माणसं कुकरच्या आवाजाने दचकतात, मग वास घेत येतात. माझ्या दोन चांगल्या मैत्रिणी अशाच मिळाल्या. बाकी पहिल्या दिवसासाठी थालीपीठं किंवा दशम्या घरून, आणि दाण्याची चटणी. स्टोव्ह दोन बर्नरचा प्रोपेनचा घ्या. ब्युटेनच्या छोट्या डब्या गार पहाटे रुसतात आणि चहा अडतो. वाऱ्याला आडोसा लागतोच.

पाणी भरपूर प्या, तहान लागली नाही तरी. हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळत नाही. मुलीच्या नाकातून थोडं रक्त येऊ शकतं, घाबरू नका. नाकपुड्यांना रात्री पेट्रोलियम जेली लावा, आणि ती डबीही मग पेटीत.

दिवसा काय करायचं, ते थोडक्यात. पहिल्या तंबूच्या दिवशी काहीच नाही, तळ्याकाठी बसा. दुसऱ्या दिवशी सकाळी मोनो लेकचा दक्षिण किनारा. बाबांनी लोणार पाहिलं असेल तर त्यांना हे लगेच कळेल. तसंच खारं, अल्कधर्मी, मासे नसलेलं पाणी, फक्त इथे ते उल्काघाताने झालेलं नाही. पाण्यातून चुनखडीचे सुळके वर आलेले दिसतात, त्यांना टूफा म्हणतात. ते पाण्याखाली तयार झाले, तळातून येणाऱ्या कॅल्शियमच्या झऱ्यांची तळ्यातल्या कार्बोनेटशी गाठ पडून. मग आज ते उघडे का? कारण १९४१ पासून लॉस एंजेलिसने या तळ्याला मिळणारे ओढे वळवले आणि पाणी चाळीसहून जास्त फूट खाली गेलं. १९९४ साली राज्याच्या जलमंडळाने ओढ्यांमध्ये पाणी सोडायला लावलं, तेव्हापासून तळं हळूहळू सावरतंय. म्हणजे आपण ज्याचे फोटो काढतो ते एका अर्थी शहराच्या तहानेचं मोजमाप आहे. दगड उचलून आणू नका. मुलीला काठावरच्या माश्यांच्या काळ्या पट्ट्यात धावायला सोडा, त्या माश्या चावत नाहीत, नुसत्या बाजूला होतात, लाटेसारख्या.

तिसऱ्या दिवशी रॉक क्रीकला दिवसापुरतं जा. रस्ता दहा हजार फुटांच्या वर मॉस्किटो फ्लॅटला संपतो. नाव खरं आहे, जुलैत डास असतात, मलम न्या. तिथून तळ्यांच्या दरीत चढ फार नाही. आई-बाबा पहिल्या तळ्यापर्यंत, तुम्ही दोघं मुलीला घेऊन थोडं पुढे. पण सकाळी जा. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग भरून येतात आणि विजा कडाडतात. आकाशात फुलकोबीसारखे ढग दिसायला लागले की डबा खायला थांबू नका, परत फिरा.

व्हिडिओत लोक हॉट क्रीक या गरम झऱ्यांच्या ओढ्यात पोहताना दिसतील. ते जुने आहेत. २००६ पासून तिथे पाण्यात उतरायला बंदी आहे. पाणी अचानक उकळीच्या जवळ जातं. हा सगळा परिसर साडेसात लाख वर्षांपूर्वीच्या एका प्रचंड ज्वालामुखीच्या खळग्यात आहे आणि तो अजून थंड झालेला नाही. मॅमथजवळच्या हॉर्सशू लेकला तर शंभराहून जास्त एकरांतली झाडं उभी वाळलेली दिसतील. जमिनीतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने मुळं गुदमरली. तिथे वाट सोडू नका आणि मुलीला खड्डे खणू देऊ नका. तो वायू जड असतो, खळग्यात साचतो.

परतीच्या दिवसासाठी मी मुद्दाम मागे ठेवलीय ती गोष्ट: व्हाइट माउंटन्समधले ब्रिसलकोन पाइन. बिग पाइन गावातून वर वळायचं, शुलमन ग्रोव्हपर्यंत डांबरी रस्ता, सुमारे दहा हजार फूट. पेट्रोल खाली भरा, वर मिळत नाही, फोनही लागत नाही. पहिल्या दिवशी इथे आलात तर आई-बाबा गाडीतच बसून राहतील. दोन-तीन रात्री उंचीवर काढल्यावर एक मैलाची वाट ते बाकड्या-बाकड्यावर बसत करतील. इथलं मथुसेलाह नावाचं झाड ४,८०० वर्षांहून जुनं आहे, मोहेंजोदडोची पहिली वीट रचली जायच्या आधीचं. ते नेमकं कोणतं हे खातं सांगत नाही, आणि न सांगणंच बरं. १९६४ मध्ये शेजारच्या नेवाडा राज्यात असंच एक झाड संशोधनासाठी पाडलं आणि मग कड्या मोजल्यावर कळलं की ते त्याहूनही जुनं होतं. बाबांना एवढं सांगा की ही झाडं सुपीक जमिनीत एवढी टिकत नाहीत. पांढऱ्या डोलोमाइटच्या नापीक मातीत, जिथे दुसरं काही उगवत नाही, तिथेच ती इतकी जगतात, कारण वाढ इतकी संथ की लाकूड दाट आणि राळेने भरलेलं, कीड-बुरशी शिरत नाही. आमचे सासरे हे ऐकून बराच वेळ एका खोडाला हात न लावता बघत उभे होते, आणि ते सहसा कुठेच दोन मिनिटं उभे राहत नाहीत.

पैशांचं एक राहिलं. बासष्ट वर्षांवरच्यांना कॅम्पग्राउंडच्या भाड्यात निम्मी सूट देणारा सीनियर पास असतो, पण तो नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच. पाहुण्या व्हिसावर आलेल्या आई-बाबांना मिळत नाही. कोणीतरी सांगेल "घ्या, कोण बघतं", घेऊ नका.

आणि डोकेदुखीचं शेवटचं. कोणाला हलकं डोकं दुखलं तर विश्रांती, पाणी, त्या दिवशी अजून वर जाणं बंद. उलट्या, तोल जाणं, बसल्या जागी धाप, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच खाली उतरा. म्हणून गाडी रात्री बाहेर तोंड करून लावा आणि किल्ली कुठे आहे ते दोघांनाही माहीत असू द्या. बाकी कॅम्पग्राउंडमध्ये शांततेची वेळ रात्री दहा ते सकाळी सहा. बाबा पाचला उठून चहा मागतील, तो द्या. कुकर मात्र सहाच्या आधी चढवू नका.